फाइल नवी, तरी मुदत संपलेली

प्रश्न : आमच्या वाचनमंडळाची छोटी वेबसाइट मी स्वतः चालवतो. सर्व्हरवर पानं पाठवणारा एनजिनएक्स हा प्रोग्रॅम आहे आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) सर्टबॉट या प्रोग्रॅमने, 'सर्टओन्ली' आणि 'वेबरूट' हे पर्याय देऊन घेतलं. तीन महिने काही तक्रार नव्हती. परवापासून ब्राउझर 'सर्टिफिकेटची मुदत संपली' असं म्हणतोय. सर्व्हरवरची फाइल पाहिली तर ती महिन्यापूर्वीच नवी झाली आहे आणि तिची मुदत अजून दोन महिने आहे! दुसरं म्हणजे, एका सभासदाच्या फोनवरच्या अ‍ॅपमधून आमची साइट पहिल्या दिवसापासूनच उघडत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये मी 'सर्ट.पेम' आणि 'प्रायव्हकी.पेम' या दोन फाइली दिल्या आहेत. आमच्याकडे लॉगिन नाही, पैशांचा व्यवहार नाही. मग एवढा खटाटोप करायचा तरी कशाला?

उत्तर : तुम्ही फाइलची तारीख पाहिलीत आणि ती प्रश्नात लिहिलीत हे फार बरं केलंत. दोष कुठे आहे ते त्या तारखेवरूनच कळतं.

हिशोब करून पाहा. तुमचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. मुदतीचा एक तृतीयांश भाग उरला की सर्टबॉट नवं आणतो, म्हणजे साठाव्या दिवशी. त्या दिवशी डिस्कवर नवी फाइल आली. पण एनजिनएक्स सर्टिफिकेट वाचतो ते सुरू होताना किंवा रीलोड केल्यावर, आणि मग तेच स्मरणात धरून बसतो. खाली फाइल बदलली याचा त्याला पत्ताच नसतो. पुढचे तीस दिवस तो येणाऱ्या प्रत्येकाला जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहिला. ते चालूही होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्वदावा दिवस उलटला आणि साइट बंद पडली. त्या क्षणी नव्या फाइलची मुदत बरोबर साठ दिवस उरलेली असणार, म्हणजे तुम्ही लिहिलेले दोन महिने.

सर्टबॉटला 'एनजिनएक्स' हा पर्याय दिला असता तर रीलोड त्यानेच केलं असतं. 'सर्टओन्ली वेबरूट'मध्ये तो फक्त सर्टिफिकेट आणून ठेवतो, पुढचं आपल्याला सांगावं लागतं.

आत्ता लगेच 'एनजिनएक्स -टी' चालवून कॉन्फिगरेशन तपासा आणि 'सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स' द्या. रीस्टार्टची गरज नाही. रीलोडमध्ये चालू असलेल्या विनंत्या जुन्या प्रक्रिया पूर्ण करतात आणि नव्या विनंत्या नव्या प्रक्रियांकडे जातात. मग कायमचा बंदोबस्त करा. सर्टबॉटच्या 'रिन्यूअल-हुक्स' फोल्डरात 'डिप्लॉय' नावाचं फोल्डर असतं. रीलोडची तीच कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून तिथे ठेवा आणि स्क्रिप्टला एक्झिक्यूट परवानगी द्या. यापुढे सर्टिफिकेट खरोखर नवं झालं की ती आपोआप चालेल.

इथे एक फसगत होते. 'सर्टबॉट रिन्यू ड्राय-रन' ही नूतनीकरणाची रंगीत तालीम यशस्वी झाली की सगळं नीट आहे असं वाटतं. पण एरवी ड्राय-रनमध्ये डिप्लॉय हुक, म्हणजे वरची ती स्क्रिप्ट, चालतच नाही. सर्टिफिकेट मिळेल एवढंच त्यातून कळतं, सर्व्हर ते वापरेल का हे कळत नाही. मी सांभाळत असलेल्या एका साइटवर ड्राय-रन दर वेळी यशस्वी होत होतं, तरी एका सकाळी मुदत संपली. तिथे एचएसटीएस (साइट फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडायची, हा ब्राउझरला दिलेला नियम) चालू होतं, त्यामुळे ब्राउझरने 'तरीही पुढे जा' हा रस्ताही ठेवला नव्हता. लोकांना काम असताना दार पूर्ण बंद. त्या दिवसापासून मी फाइलवर विसंबत नाही, बाहेरून विचारते. 'ओपनएसएसएल' या साधनाची 'एस_क्लायंट' ही कमांड तुमच्या साइटच्या ४४३ पोर्टला (सुरक्षित जोडणीचं दार) जोडा, 'सर्व्हरनेम' म्हणून साइटचं नाव द्यायला विसरू नका, आणि 'नॉटआफ्टर'पुढची, म्हणजे मुदत संपण्याची, तारीख वाचा. सर्व्हर जगाला जे दाखवतो तेच इथे दिसतं. ही तपासणी दुसऱ्या एखाद्या मशीनवरून रोज आपोआप चालेल असं करा आणि वीसपेक्षा कमी दिवस उरले तर मेल येऊ दे. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या आठवणीचे मेल जून २०२५ मध्ये बंद केले आहेत. शिवाय १५ मार्च २०२९ पासून कुठल्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा हे हाताने करत बसणं कुणालाच परवडणार नाही.

फोनचं कोडं वेगळं आहे. 'सर्ट.पेम'मध्ये फक्त तुमच्या साइटचं सर्टिफिकेट असतं. त्याच्यावर सही करणारं मधलं सर्टिफिकेट सोबत पाठवलं नाही तर साखळी तुटते. काही ब्राउझर ती कडी स्वतः शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे ती आधीच असते, म्हणून तुमच्या संगणकावर सगळं ठीक दिसलं. बरीच अ‍ॅप हा उपद्व्याप करत नाहीत, सरळ नकार देतात. कॉन्फिगरेशनमध्ये 'सर्ट.पेम'च्या जागी 'फुलचेन.पेम' लिहा, त्या फाइलमध्ये ही मधली कडीही असते. किल्लीची फाइल, 'प्रायव्हकी.पेम', आहे तशीच राहू दे, फक्त ती कुणाला मेलने पाठवू नका.

८० पोर्ट (साध्या एचटीटीपीचं दार) मात्र बंद करू नका. वेबरूट पद्धतीत पडताळणीची विनंती तिथेच येते. बाकी सगळ्यांना तिथून '३०१' म्हणजे कायमचा पत्ता बदलल्याच्या उत्तराने सुरक्षित पत्त्यावर पाठवा. टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या नियमसंचाच्या १.२ आणि १.३ या आवृत्त्या पुरे, त्याआधीच्या आवृत्त्या २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद झाल्या.

आता खटाटोप कशाला, याविषयी. साध्या एचटीटीपीवर पान उघड्या पोस्टकार्डासारखं जातं. वाटेतला कुणीही ते वाचू शकतो, त्यात स्वतःची जाहिरात किंवा घातक स्क्रिप्ट घुसवू शकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ते तुम्हीच लिहिलंय. तुमच्या मंडळातली एखादी व्यक्ती रात्री कुठल्या आजारावरच्या पुस्तकाचं पान उघडते, हे वाटेतल्या कुणाला का कळावं? साइटचं नाव अजूनही बाहेर दिसू शकतं, पण कुठलं पान उघडलं आणि त्यावर काय आहे ते झाकलेलं राहतं. माझ्या लेखी लॉगिन नसलेल्या साइटलाही एवढं कारण पुरेसं आहे.

तेव्हा आधी कॉन्फिगरेशनमधलं फाइलचं नाव बदला, मग रीलोड करा, आणि 'एस_क्लायंट'मध्ये 'सर्टिफिकेट चेन'खाली पाहा. तिथे एकटा शून्य क्रमांकच दिसला तर बदल अजून लागू झालेला नाही. शून्याखाली एक क्रमांकही आला, की त्या सभासदाला अ‍ॅपमधून पुन्हा साइट उघडून पाहायला सांगा.