ट्यूशन लावायची, पण कोणाकडे? नाशिकच्या पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्लिश. गणितात सारखी मागे पडते. वर्षभर क्लास लावला तरी तेच. आता घरी येणारे चांगले सर कसे शोधायचे? – एक आई, इंदिरानगर

ताई, सर शोधायच्या आधी एक काम करा, तिचे मागचे दोन-तीन पेपर काढा आणि चुकलेली गणितं तिच्यासोबत बसून बघा. मार्क बघू नका, गाडी कुठे अडते ते बघा. आठवीत फॅक्टरायझेशन येत नाही म्हणून आपण क्लास लावतो आणि खरं तर पोरीला पाचवी-सहावीतली छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज पक्की नसते, नाहीतर ऋण चिन्ह आलं की ती गडबडते. मग क्लासमध्ये पुढचे धडे पळत राहतात आणि खालचं भोक तसंच राहतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे कळलं की विचारपूस करा, सोसायटीतल्या आया, शाळेतल्या मॅडम, रिटायर झालेले शिक्षक, कोणालाही विचारा. पण "सर कसे आहेत" असं नका विचारू, सगळे "छान आहेत" असंच सांगतात. "तुमच्या मुलाला काय येत नव्हतं आणि आता काय येतं" हे विचारा. आणि दोन-तीन डेमो घेतल्याशिवाय महिन्याची फी देऊ नका. डेमोत फक्त पेन कोणाच्या हातात आहे ते बघा. सर भराभर सोडवतायत आणि मुलगी उतरवून घेतेय, तर कितीही हुशार सर असले तरी नको. ती चुकल्यावर ते "हे कसं केलंस, सांग बघू" म्हणाले तर तेच सर ठेवा. गंगापूर रोडच्या मोठ्या नावापेक्षा तुमच्या गल्लीतली बीएड झालेली मुलगी जास्त उपयोगी पडेल, हे मी मनापासून सांगते, कारण ती मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडायला लाजत नाही.

आणि हो, ट्यूशननंतर रोज अर्धा तास तरी तिचा तिने अभ्यास केला पाहिजे, एकटीने. शाळा, मग क्लास, मग होमवर्क यात पोरं स्वतः विचार करायलाच उरत नाहीत.

प्रश्न : मुलगा सातवीत. शाळेतलेच सर घरी ट्यूशन घेतात आणि अर्धा वर्ग तिथेच जातो. नाही पाठवलं तर मुलाला त्रास होईल का? – पंचवटी

हे मला अजिबात पटत नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 28, यात शिक्षकाने खाजगी शिकवणी घेऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. भीतीपोटी पाठवू नका. शाळेत जाऊन सरांनाच शांतपणे विचारा की मुलाला काय अवघड जातंय, वर्गात काय करता येईल. शिक्षकांनी हे शाळेतच सांगणं अपेक्षित आहे. मुलाशी खरंच वेगळं वागले तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी नको.

प्रश्न : सहावीतल्या मुलासाठी कॉलेज रोडला एका क्लासवाल्यांनी फाउंडेशन कोर्सची (जेईईची आत्तापासून तयारी) तीन वर्षांची फी एकदम मागितली. भरू का? – सिडको

नको. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं आहे, रँकची किंवा मार्कांची गॅरंटी देऊ नये असंही आहे, आणि पूर्ण फी भरून मधेच सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे 10 दिवसांत परत द्यावेत असं आहे. या सूचना 50 पेक्षा जास्त मुलं असलेल्या सेंटरसाठी आहेत, घरगुती ट्यूशनला लागू नाहीत. पण कुठेही लावा, फी महिन्याची द्या आणि पावती घ्या. अकरा-बारा वर्षांच्या पोराला आत्ताच जेईईच्या घोड्यावर बसवायची काय घाई आहे, त्याला गोष्टीची पुस्तकं द्या, संध्याकाळी ग्राउंडवर पाठवा.

प्रश्न : आम्ही दोघंही अंबडला कंपनीत, शिफ्ट असते. सर घरी येतील तेव्हा मुलगी एकटी असेल. – पाथर्डी फाटा

मग घरी बोलावू नका. जिथे चार-पाच मुलं एकत्र बसतात आणि घरात माणसं असतात तिथे पाठवा. घरीच हवं असेल तर आजी किंवा शेजारच्या काकू त्या वेळी घरात हव्यात, शिकवणं हॉलमध्ये, दार उघडं. शिक्षकांचं आधार कार्ड बघायला आणि आधीच्या दोन पालकांना फोन करायला संकोच करू नका, चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. आणि मुलगी "मला तिथे नको" म्हणाली तर आधी तिचं ऐका, फी गेली तर गेली.

प्रश्न : मुलगा दहावीत, मराठी मीडियम. गणित-विज्ञानाची ट्यूशन परवडत नाही. – नाशिक रोड

दादा, दोन्ही विषयांचे दोन-दोन पेपर, प्रत्येकी 40 मार्कांचे, उरलेले 20 अंतर्गत. म्हणजे पुस्तक नीट केलं तरी बरंच हाती लागतं. ई-बालभारतीवर पुस्तकांची पीडीएफ फुकट मिळते, दीक्षा ॲपवर व्हिडिओ आहेत. फक्त अडलेल्या धड्यांपुरतं बीएस्सी-एमएस्सीच्या एखाद्या विद्यार्थ्याला शनिवार-रविवार बोलवा, तुमच्या मुलाच्या वर्गातली अजून दोन-तीन मुलं जोडा आणि फी वाटून घ्या. आधी भूमितीपासून सुरू करा, प्रमेयांच्या सिद्धता लिहायचा सराव लवकर लागलेला बरा.