हिडकल धरणाच्या पाण्यासाठी बोट घेताना

भावा, 16 फुटी, लांब कीलची (तळाखालच्या उभ्या कण्याची) फायबर बोट घेतोयस, निवड चांगली आहे. पण रंगाला भुलू नकोस. बोट पाण्याबाहेर काढून नीट सुकू दे, मग तळावर नाणं वाजवत फिर. खणखणीत आवाज आला तर थर घट्ट आहेत. बद्द आला तर ते सुटलेत. फोड असेल तर मालकाला विचारून टोच. आतून व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघालं, तर भाव निम्मा कर नाहीतर सोडून दे.

वेगाचा मोह नको. ही ताशी 10 किलोमीटरच्या आसपासच जाणार. मोठं इंजिन लावलंस तर मागचा भाग पाण्यात खाली बसेल आणि डिझेल पिईल.

वाऱ्यात ती सरळ चालते, पण रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ ऐकतच नाही. पुढे जाताना पाण्यातला पंखा (प्रोपेलर) मागून बघता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर रिव्हर्सला मागचा भाग डावीकडे ओढला जातो. म्हणून धक्क्याला डावी बाजू लाव: तिरकं, अगदी हळू ये, क्षणभर रिव्हर्स दे, बोट आपोआप चिकटते. हे मोकळ्या पाण्यात आधी घोटून घे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेले बांध आणि खुंट पृष्ठभागाजवळ येतात, तेव्हा काठ धरून जाऊ नकोस. आणि लाइफ जॅकेट अंगातच हवं, बाकाखाली नव्हे.