वाचकांचे प्रश्न : ‘आमच्याच कंपनीत का यायचंय?’

प्रश्न : मेकॅनिकल इंजिनिअर आहे, भोसरीत एका व्हेंडरकडे तीन वर्षं क्वालिटीत काम करतो. चाकणच्या डायकास्टिंग (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून पार्ट बनवणाऱ्या) कंपनीत मुलाखत आहे. खरं कारण पगार, आणि घर मोशीत असल्यानं दोन्ही ठिकाणं सारखीच सोयीची. ‘आमच्याकडे का?’ याला काय सांगू? (एक वाचक, मोशी)

उत्तर : पगार हे कारण चुकीचं नाही, पण या प्रश्नाचं उत्तर नाही. पगार तर शेजारची कंपनीही देईल. समोरच्याला दोन गोष्टी हव्या असतात : काम काय आहे हे याला कळलंय का, आणि हा सहा महिन्यांत निघून तर जाणार नाही ना.

‘नामांकित कंपनी आहे, शिकायला मिळेल, ग्रोथ आहे’ हे वाक्य त्या दिवशीच्या बहुतेक उमेदवारांनी म्हटलेलं असतं. त्यावर ‘ग्रोथ म्हणजे नक्की कुठली?’ एवढं विचारलं की गाडी अडते. वेबसाइटवरचा परिचय पाठ म्हणून दाखवणं तर त्याहून वाईट. तो त्यांनीच लिहिलेला असतो.

उत्तर मिनिट-सव्वा मिनिटाचं ठेवा. त्यात त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट, तुमच्या आजच्या कामातली तिच्याशी जुळणारी अडचण, आणि तिथे तुम्ही काय कराल, एवढं यायला हवं. तुमच्या बाबतीत ते असं होईल :

‘तुमच्याकडे ॲल्युमिनियम कास्टिंग आणि मशिनिंग एकाच छपराखाली होतं. आमच्याकडे कास्टिंग बाहेरून येतं. मशिनिंगमध्ये वरचा थर निघाला की आतली पोरोसिटी (धातूतली बारीक छिद्रं) उघडी पडते, आणि आमचं काम पार्ट रिजेक्ट करून परत पाठवण्यावर थांबतं. इथे डाय (साचा) आणि शॉट (साच्यात धातू भरणं) यांच्या सेटिंगपर्यंत जाऊन कारण शोधता येईल. जाहिरातीत तुम्ही पीपॅप (नवा पार्ट गिऱ्हाईकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) आणि एट-डी (दोषाचं मूळ कारण शोधून तो दूर करण्याची आठ टप्प्यांची पद्धत) मागितलंय, ती दोन्ही कामं मी सध्या करतो.’

अर्थात, यातलं खरं असेल तेवढंच ठेवा. कारण पुढचा प्रश्न ठरलेला आहे : ‘पोरोसिटी कमी करायला काय पाहाल?’ अडकलेली हवा आणि थंड होताना होणारं आकुंचन, ही दोन कारणं वेगळी करून सांगता आली पाहिजेत. सध्याचा रिजेक्शनचा आकडाही तोंडावर हवा (गिऱ्हाईकाचं नाव मात्र बाहेर काढू नका). उत्तर चांगलं रंगवून पुढच्या प्रश्नाला गप्प बसणं, यातच जास्त लोक पडतात.

सध्याच्या मालकाची उणीदुणी नकोत. ‘कास्टिंग बाहेरून येतं’ ही माहिती झाली, ‘आमच्याकडे कुणाला काही कळत नाही’ ही तक्रार. मोशीचा उल्लेख जरूर करा, पण शेवटी आणि एका वाक्यात. नाशिक रस्त्याची कोंडी माहीत असलेल्या प्लांट हेडला जवळ राहणारा, शिफ्टला वेळेवर पोचणारा माणूस हवाच असतो. तयारी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत करा. एचआरची फेरी बहुधा इंग्रजीत होते, पण शॉप फ्लोअरवरचा माणूस मध्येच मराठीवर येतो आणि पाठ केलेलं इंग्रजी तिथे कोसळतं.

प्रश्न : कन्सल्टंटचा फोन संध्याकाळी येतो, मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी खराडीत. कंपनीचं नावही धड ऐकलेलं नसतं. एवढ्या वेळात काय वाचायचं? (बी.कॉम. झालेली वाचक, हडपसर)

उत्तर : आधी कन्सल्टंटकडून कंपनीचं नोंदणीकृत पूर्ण नाव आणि कामाचं वर्णन लेखी मागवा. कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल उघडा. पण सगळा नको, व्यवस्थापनाचं विश्लेषण एवढाच भाग. नसेल तर नावापुढे ‘रेटिंग रॅशनल’ लिहून शोधा. बँकेच्या कर्जासाठी क्रिसिल, इक्रा यांसारख्या संस्थांकडून रेटिंग घेतलेलं असेल, तर धंदा कशावर चालतो आणि जमेच्या व कमकुवत बाजू कुठल्या, हे दोन-चार पानांत फुकट वाचायला मिळतं. उमेदवार हे क्वचितच वाचतात. कंपनी कधी स्थापन झाली हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर दिसतं.

मग कामाच्या वर्णनात जे पुन्हा पुन्हा आलंय, समजा जीएसटी रिटर्न किंवा व्हेंडर पेमेंट, त्यातलं तुम्ही केलेलं एखादं काम निवडा आणि त्यावर चार वाक्यं तयार ठेवा. मुलाखतीआधी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले, तर मात्र वाचत बसू नका आणि जाऊही नका.