मिनेसोटात तळ्यावर वॉलआय आणि बास कसे पकडायचे?
दोन्ही मासे एकाच तळ्यात असले तरी एकाच पद्धतीने गळाला लागत नाहीत. वॉलआयला मांजरासारखं अंधुक उजेडात छान दिसतं, त्यामुळे भर दुपारी बसून राहण्यात अर्थ नाही, पहाटे नाहीतर सूर्य मावळताना जा, आणि वाऱ्याने पाणी जरा हलत असेल तर अजूनच बरं. पाव औंसाच्या आतलं जिग (वजन लावलेला गळ) घ्या, त्याला जळू किंवा बारका मासा (जळू लावताना मला अजून शहारा येतो), तळाला टेकवायचं, हळूच फूटभर उचलायचं, परत सोडायचं. झटका फार हलका असतो, दोरी नुसती जड लागली तरी ओढा.

बासचं वेगळंच. त्याच्या दोन जाती, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. लार्जमाउथ पाणगवतात, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसतो, तिथे प्लास्टिकचं गांडूळ टेक्सास रिग करून टाका, गळाचं टोक गांडुळातच लपतं म्हणून गवतात अडकत नाही. स्मॉलमाउथ हवा असेल तर खडकाळ भाग शोधा, मिल लॅक्स तळं त्यासाठी फेमस आहे.

आणि हो, १६ वर्षांपासून पुढे लायसन लागतं, आणि वॉलआयचा सीझन मेच्या मध्यावर उघडतो, एप्रिलमध्ये त्याच्यासाठी गळ घेऊन जाऊ नका.