इंदूरच्या आमच्या वस्तीतील महिला आरोग्य समितीमुळे मधुमेह आटोक्यात राहण्यास मदत होते का?

होय, मदत होते. मात्र ती उपचारांतून नव्हे, तर आजार लवकर उघडकीस आणण्यातून आणि सुरू झालेले औषध मध्येच बंद पडू न देण्यातून होते. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात साधारण ५० ते १०० घरांमागे वस्तीतल्याच महिलांची अशी एक समिती धरलेली आहे. आशा कार्यकर्ती तिशी ओलांडलेल्यांचा, आजाराचा धोका गुणांत मोजणारा अर्ज भरते. त्यात वय, तंबाखू, व्यायाम, घरातील आजार यांबरोबर फितीने मोजलेला कमरेचा घेरही असतो (स्त्रियांमध्ये ८० आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या पुढे गुण वाढतात). एकूण गुण ४ च्या वर गेले, की त्या व्यक्तीला साखरेच्या तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे असते. समितीची खरी गरज इथेच आहे, असे माझे मत आहे, कारण "मला कुठे काय त्रास आहे?" म्हणून तपासणी टाळणाऱ्या काकूंना शेजारणीचा शब्द पटतो, आणि रोजच्या पोहे-जिलबीतली जिलबी बंद करा, हेही तीच हक्काने सांगू शकते. तथापि, हे गुण म्हणजे निदान नव्हे: उपाशीपोटी साखर प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्याची खात्री करूनच डॉक्टर निदान करतात, आणि औषधाची मात्राही त्यांनीच ठरवायची असते.