वाचकांचे प्रश्न : पुलावर अडकलेला गेम

गेम प्रसिद्ध होण्याआधी होणाऱ्या बीटा चाचणीबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. दुसऱ्या पत्राचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे, कारण त्या वाचकाने कंपनीला पाठवलेली आपली मूळ नोंदच सोबत जोडली होती आणि तिच्याबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ होते.

प्रश्न : एका गेमच्या बंद बीटासाठी मी नाव नोंदवले होते आणि निवड झाल्याचा मेल आला आहे. मित्र म्हणतात, फुकट खेळायला मिळते आहे तर खेळून घे. बीटा म्हणजे नेमके काय आणि माझ्याकडून काय अपेक्षा असते?

उत्तर : मित्रांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही; खेळल्याशिवाय चाचणी होत नाही. अल्फा आणि बीटा ही ग्रीक वर्णमालेची पहिली दोन अक्षरे आहेत. अल्फा अवस्थेत गेमचे काही भाग अजून तयारच नसतात आणि तपासणी बहुधा कंपनीतलेच लोक करतात. बीटापर्यंत मुख्य गोष्टी जागेवर आलेल्या असतात, पण त्या बाहेरच्या जगात टिकतात की नाही हे पाहायचे राहिलेले असते. कंपनीतल्या परीक्षकांना गेम इतका पाठ झालेला असतो की कुठे वळायचे हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक असते. नवखा माणूस मात्र दारातून जाण्याऐवजी खिडकीवर चढून पाहतो आणि नेमका तिथेच भिंतीच्या आत अडकतो. शिवाय खेळाडूंच्या घरी ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) आणि इंटरनेट जोडणी यांची जितकी सरमिसळ असते, तितकी कोणत्याही प्रयोगशाळेत उभी करता येत नाही.

प्रत्येक बीटाचा हेतू मात्र सारखा नसतो. बंद बीटात माणसे निवडक असतात आणि त्यांच्या नोंदींना वजन असते. खुल्या बीटात पुष्कळदा सर्व्हरवरचा भार तपासायचा असतो, आणि त्याच वेळी गेमची जाहिरातही होऊन जाते. २०१४ च्या जुलैमध्ये झालेल्या ‘डेस्टिनी’च्या बीटात ४६ लाखांहून अधिक खेळाडू उतरले होते, एवढ्या गर्दीत तुमच्या एकट्याच्या अभिप्रायापेक्षा तुम्ही ठरलेल्या वेळी सर्व्हरवर हजर होतात हीच तुमची मदत. त्याआधी २००७ मध्ये ‘हेलो ३’च्या बीटाचा प्रवेश ‘क्रॅकडाउन’ या दुसऱ्याच गेमच्या खरेदीशी जोडला होता, म्हणजे बीटाचा व्यापारी उपयोगही काही आजचा नव्हे. ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ हा प्रकार आणखी वेगळा असून त्यात अपुरा गेम पैसे देऊन विकत घ्यायचा असतो. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, त्या अवस्थेत होता.

तुम्हाला आलेला मेल पुन्हा एकदा नीट वाचा. त्यात विशिष्ट नकाशा किंवा विशिष्ट तास दिला असेल, तर आपल्या आवडीचा भाग खेळत बसण्यापेक्षा तेवढे आधी करा.

प्रश्न : दोन आठवडे खेळून मी तेवीस बग, म्हणजे गेममधले दोष, कळवले. एकालाही उत्तर आले नाही, आणि गेम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांतला एक बग तसाच होता. नमुन्यादाखल त्याची नोंद पाठवतो : ‘पुलावर गेम अडकतो. अतिशय वाईट अनुभव. कृपया लवकर दुरुस्त करा.’ मग आमच्यासारख्यांनी कळवायचे तरी कशाला?

उत्तर : तुमचा राग समजू शकतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे उत्तर न येणे. फॉर्ममधून गेलेली नोंद एका यादीत पडते. ती यादी चाळणारी माणसे सारख्या नोंदी एकत्र करतात आणि तो दोष किती जणांना दिसला याचा आकडा वाढवतात. तुमची नोंद चाळिसावी असेल, तर तिला उत्तर मिळणार नाही, पण त्या आकड्यात ती मोजली गेलेली असते.

दुसरी गोष्ट, माहीत असलेला दोष घेऊन गेम बाजारात जाणे. हे निष्काळजीपणामुळे घडू शकते, तसेच ठरवूनही घडते. दोष किती जणांना अडवतो, त्याला पर्यायी वाट आहे का आणि तो काढताना दुसरे काही बिघडण्याची भीती किती, असा हिशेब केला जातो. प्रसिद्धी जवळ आली की प्रत्येक बदलावर बंधने येतात, कारण शेवटच्या आठवड्यातल्या घाईच्या दुरुस्तीने चालू असलेला भागही बंद पडू शकतो. कन्सोलसाठीच्या गेमला तर कन्सोल बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीतूनही जावे लागते, त्यामुळे उशिरा झालेल्या दुरुस्त्या प्रसिद्धीच्या दिवशीच्या पॅचमध्ये, म्हणजे गेमवर नंतर चढवायच्या दुरुस्तीत, किंवा त्यानंतर येतात. उलट बाजूही लक्षात घ्या : बीटासाठी दिलेले बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची तयार आवृत्ती, पुष्कळदा जुने असते आणि त्यातले काही दोष आतल्या आवृत्तीत आधीच काढून टाकलेले असतात. अर्थात ही सबब ऐकून निर्धास्त होऊ नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘बॅटलफील्ड २०४२’च्या खुल्या बीटातील दोषांबद्दल बोलताना निर्मात्यांनी बिल्ड जुने असल्याचे सांगितले होते, आणि नोव्हेंबरमध्ये पूर्ण गेम आला तेव्हाही तक्रारी काही थांबल्या नाहीत.

तिसरी गोष्ट तुमची नोंद. येथे मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. ‘गेम अडकतो’ या दोन शब्दांचे किमान चार अर्थ होतात. चित्र गोठले पण आवाज चालू राहिला, पात्र हलेना पण कॅमेरा फिरत होता, अख्खा गेम बंद पडून तुम्ही डेस्कटॉपवर आलात, किंवा सर्व्हरशी संपर्क तुटून तुम्ही इतरांना पुतळ्यासारखे उभे दिसत राहिलात. या चारही दोषांची कारणे वेगळी असतात आणि ते शोधणारी माणसेही बहुधा वेगळी. मग पूल कोणता? जाताना की येताना? पायी की घोड्यावरून? एकदाच की दर वेळी? ही नोंद वाचणारा माणूस गेममधल्या सगळ्या पुलांवरून चालून पाहील, त्याला काहीही दिसणार नाही, आणि तो ‘पुन्हा घडवता आले नाही’ असा शेरा मारून पुढच्या नोंदीकडे वळेल. त्याला दोष देता येणार नाही.

तीच नोंद अशी असती तर पाहा : ‘बिल्ड क्रमांक अमुक. दुसऱ्या नकाशातील उत्तरेकडचा लाकडी पूल. घोड्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना पुलाच्या मध्यावर घोडा थांबतो. पात्र पुढे किंवा मागे हलत नाही, घोड्यावरून उतरता येत नाही. कॅमेरा मात्र फिरतो आणि आवाज चालू राहतो. पाच वेळा करून पाहिले, चार वेळा घडले. पायी जाताना तीन प्रयत्नांत एकदाही घडले नाही. गेम पुन्हा सुरू केल्यावर पात्र पुलाच्या अलीकडे येते. घोड्यासह पूल ओलांडता येणे अपेक्षित आहे. सोबत वीस सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे.’

या नोंदीत एकही विशेषण नाही, विनंती नाही, संतापही नाही. पायी जाताना दोष दिसत नाही हे एक वाक्य तर सोन्याच्या मोलाचे आहे, कारण त्यामुळे पुलाऐवजी घोड्याकडे, म्हणजे त्याच्या आकाराकडे किंवा चालीकडे, पाहायचे हे लगेच कळते. गेम क्रॅश होत असेल तर ग्राफिक्स कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि गेमने तयार केलेली लॉग फाइल (गेम चालताना काय घडले याची नोंद) यांचीही भर घालावी. विंडोजवर ‘डीएक्सडायग’ हा प्रोग्रॅम चालवला की संगणकाचा तपशील एका फाइलमध्ये साठवून घेता येतो. प्रत्येक दोषाची नोंद स्वतंत्र असावी, आणि कंपनीने आधीच ठाऊक असलेल्या दोषांची यादी दिली असेल तर ती अगोदर चाळावी. तुम्ही दोन आठवड्यांत तेवीस बग कळवलेत. त्यांतले पाचच निवडून प्रत्येकासाठी अर्धा तास खर्च केला असता, तर माझ्या मते हाती अधिक काही लागले असते.

‘वाईट अनुभव’ हे शब्द मुळीच निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. त्यांची जागा अभिप्रायाच्या प्रश्नावलीत आहे, आणि तिथेही उपाय सुचवण्याआधी काय झाले ते सांगावे. ‘तिसऱ्या शत्रूची ताकद कमी करा’ असे लिहिण्यापेक्षा ‘तिसऱ्या शत्रूकडून नऊ वेळा हरलो आणि वार नेमका केव्हा येतो हे एकदाही कळले नाही’ असे लिहिले, तर खरा दोष ताकदीत नसून वाराआधी वाजायला हवा असलेला आवाज वाजतच नाही, हे कदाचित निर्मात्याच्या लक्षात येईल. असे निष्कर्ष काढण्याचे काम त्याच्यावर सोडावे.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला चॅटवर कुणीतरी लिंक पाठवली आहे. ‘मी गेम बनवला आहे, बीटा तपासून दे, बक्षीस देईन’ असे त्यात म्हटले आहे. त्याने ती फाइल घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. ही फसवणुकीची मुरलेली रीत आहे. अशा फाइलमधला प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा उचलून नेतो, त्यामुळे पासवर्ड न विचारताच अकाउंट ताब्यात जाते. निरोप ओळखीच्या मित्राच्या नावाने आला म्हणून विश्वास ठेवू नका. पुष्कळदा त्या मित्राचे अकाउंट आधीच चोरीला गेलेले असते. खऱ्या बीटाची वाट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा अधिकृत स्टोअरमधून जाते. उदाहरणार्थ, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘प्लेटेस्ट’ची, म्हणजे चाचणी खेळण्याची, सोय असेल तर गेमच्या पानावरूनच प्रवेशाची विनंती करता येते. त्यासाठी कुणालाही पासवर्ड द्यावा लागत नाही. फाइल आधीच उघडली गेली असेल तर त्या संगणकाचे इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि सर्व अकाउंटमधून ‘सगळीकडून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा.

खऱ्या बीटातही धोका अजिबात नसतो असे नाही. जुलै २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’च्या बंद बीटात काही खेळाडूंची आरटीएक्स ३०९० ही महागडी ग्राफिक्स कार्डे निकामी झाली. ईव्हीजीए या कार्ड बनवणाऱ्या कंपनीने पुढे आपल्या काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये दोष असल्याचे सांगितले, म्हणजे मूळ खोट कार्डांत होती. तरीही गेमच्या मेनूत फ्रेमच्या वेगावर, म्हणजे दर सेकंदाला किती चित्रे तयार व्हावीत यावर, मर्यादा नव्हती, आणि ती अ‍ॅमेझॉनने नंतर घातली. म्हणून बीटा खेळताना फ्रेमचा वेग आपल्या पडद्याला झेपेल तेवढ्यावरच बांधून ठेवावा. काही गेमसोबत फसवेगिरी रोखणारा वेगळा प्रोग्रॅमही संगणकात बसतो. ‘व्हॅलोरंट’सोबतच्या ‘व्हॅनगार्ड’चा एक भाग तर विंडोज सुरू होतानाच सुरू होतो. चाचणी संपल्यावर गेम काढून टाकाल तेव्हा असा प्रोग्रॅमही आठवणीने वेगळा काढा. वयाची अट प्रत्येक चाचणीच्या नियमांत दिलेली असते. मुलाचे वय त्याहून कमी असेल तर खोटी जन्मतारीख घालून प्रवेश मिळवू देऊ नका.

प्रश्न : गोपनीयता करारावर ‘मान्य’ केले आहे. सख्ख्या भावाला पडद्यावर दाखवले तरी तो भंग होतो का?

उत्तर : कराराचे शब्द जसे असतील तसे. अनेक करारांत ‘इतर कोणालाही’ असे म्हटलेले असते आणि त्यात भाऊही येतो. व्यवहारात कंपन्यांना चिंता असते ती बाहेर पडणाऱ्या स्क्रीनशॉटची आणि व्हिडिओंची. काही बीटांत पडद्यावर अकाउंटची खूण छापलेली असते. ती फिकट किंवा डोळ्यांना न दिसणारीही असू शकते, त्यामुळे चित्र कुणाकडून बाहेर गेले ते शोधता येते. कोपरा कापून चित्र टाकले की झाले, या भ्रमात राहू नये. गेम प्रसिद्ध झाल्यावर करार आपोआप संपतो असेही नाही. मुदतीचे कलम वाचून पाहा.

प्रश्न : बीटात माझे पात्र चाळिसाव्या पातळीवर पोहोचले आहे. ते पुढे राहील का?

उत्तर : बहुधा राहणार नाही. चाचणीदरम्यान खेळाडूंच्या साठवलेल्या माहितीची रचना बदलत असते, शिवाय एखाद्या बगचा फायदा घेऊन कुणी ढीगभर सोने जमवलेले असते. तेच घेऊन सगळे प्रसिद्धीच्या दिवशी उतरले तर नव्या खेळाडूंवर अन्याय होईल. म्हणून सर्व प्रगती पुसली जाते आणि बीटात भाग घेतल्याची आठवण म्हणून फार तर एखादे पदक किंवा पोशाख मिळतो. तुम्ही पैसे खर्च केले असतील तर त्याचा नियम मात्र वेगळा पाहावा लागतो. ‘व्हॅलोरंट’चा बंद बीटा २०२० मध्ये संपला तेव्हा खेळाडूंची प्रगती पुसली गेली, पण त्यांनी विकत घेतलेले गेममधले चलन वीस टक्के भर घालून परत देण्यात आले. तुमच्या गेमच्या नियमांत तसे स्पष्ट लिहिले नसेल तर खर्च करू नका. चाळिसाव्या पातळीवरच्या पात्राचा एक स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा, करारात त्याला मनाई नसेल तर.