भाडं थांबवू नका, आधी नोटीस द्या

या अंकासाठी आलेली पत्रं दोन्ही बाजूंची आहेत. गळक्या छपराखाली राहणारे भाडेकरू आहेत, तसेच भाडं थकल्यामुळे हैराण झालेले मालकही आहेत. उत्तरांना आधार आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याचा. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. पत्र लिहिताना एक गोष्ट जरूर कळवत जा: तुमचा कागद जुन्या भाडेकरूचा आहे की लिव्ह अँड लायसन्सचा? दोन्हींत महिन्याला पैसेच मोजायचे असतात, पण हक्क फार वेगळे असतात.

प्रश्न : पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात वरच्या मजल्यावर आमच्या वडिलांच्या वेळेपासून आम्ही भाड्याने राहतो. भाडं महिना 1,200 रुपये. तीन पावसाळे कौलांतून गळतंय. मालकांना तोंडी सांगून थकलो, शेवटी पाच महिने भाडं दिलं नाही. आता वकिलामार्फत थकबाकीची नोटीस आली आहे. गळक्या घराचं भाडं का द्यायचं?

राग समजण्यासारखा आहे, पण दुरुस्तीची तक्रार आणि भाड्याची थकबाकी ही कायद्याच्या लेखी दोन वेगळी खाती आहेत. छप्पर गळतं एवढ्यावरून भाडं आपोआप थांबत नाही. उलट भाडं थांबवून तुम्ही मालकाच्या हाती घर खाली करून घेण्याचं कारण दिलंत.

आधी नोटिशीचं पाहू. पाकीट कोणत्या तारखेला मिळालं ते त्यावरच लिहून ठेवा. कलम 15 प्रमाणे थकबाकीची लेखी नोटीस बजावल्यावर 90 दिवस उलटल्याशिवाय मालकाला या कारणासाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. या 90 दिवसांत पाच महिन्यांचे 6,000 रुपये आणि त्यानंतर देय झालेलं भाडं भरून टाका. कायदेशीर भाडेवाढ किंवा वाढलेला पालिकेचा कर नोटिशीत मागितला असेल तर तोही भरा. रोख देऊ नका. मालकाच्या खात्यावर भरा, ते शक्य नसेल तर डिमांड ड्राफ्ट पाठवा, आणि सोबतच्या पत्रात कोणत्या महिन्यांचं भाडं ते लिहा. मागितलेला आकडा पटत नसेल तरी मान्य असलेली रक्कम अडवून ठेवू नका. बाकीवर लेखी हरकत घ्या आणि प्रमाणित भाडं, म्हणजे कायद्याप्रमाणे आकारता येणारं भाडं, ठरवून मागण्याचा अर्ज न्यायालयात करा.

दावा दाखल झालाच तर आणखी एक संधी असते. दाव्याचं समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरायची, न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा आणि निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित भरत राहायचं. बहुतेक जण घसरतात ते या शेवटच्या अटीवर. थकबाकी एकदम भरून मोकळे होतात, मग चार-चार महिन्यांचं एकत्र चलन भरतात आणि हातातली केस घालवतात. मोबाइलवर दर महिन्याचा गजर लावून ठेवा.

आता छपराकडे वळू. तुमच्या बाजूचं कलम आहे 14. भाडेचिठ्ठीत दुरुस्ती भाडेकरूने करावी असं कबूल केलेलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने हयगय केली तर किमान 15 दिवसांची नोटीस द्या. तरीही वाजवी वेळात काम झालं नाही तर ते स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा, अशी सोय कायद्याने दिली आहे. मर्यादा मात्र ठरलेली आहे. एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही. तुमचं वर्षाचं भाडं 14,400, म्हणजे वर्षाला 3,600 रुपये. कौलांच्या कामाला समजा 9,000 लागले, तर यंदा 3,600 कापता येतील. उरलेले 5,400 एकदम कापलेत तर तेवढी थकबाकी ठरेल. ते पुढच्या वर्षांत त्याच मर्यादेत, 3,600 आणि 1,800 असे मागावे लागतील. वाड्यातले इतर भाडेकरूही त्याच छपराखाली असतील तर सगळ्यांनी मिळून एकच नोटीस द्यावी, म्हणजे खर्चही वाटला जातो आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरता येते.

नोटिशीत भावना नकोत, मोजमाप हवं. उदाहरणार्थ: "उत्तरेकडील खोलीच्या छपराची सुमारे 40 कौलं फुटली आहेत, तीन वासे व रिपा कुजल्या आहेत, पन्हळ तुटल्यामुळे पाणी भिंतीत मुरते. सोबत तारखेसह सहा छायाचित्रे व गवंड्याचा अंदाज जोडला आहे. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत काम सुरू करावे. अन्यथा कलम 14 नुसार आम्ही काम करून खर्च भाड्यातून वळता करू." ही स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, पण केवळ त्यावर विसंबू नका. तोंडी सांगितलेलं तीन पावसाळ्यांनंतर सिद्ध करता येत नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

मुदत उलटल्यावरच काम सुरू करा. बिलं आणि पावत्या तुमच्या नावावर घ्या. मजुरीची पावती 5,000 रुपयांच्या वर असेल तर तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्या. कलम 14 भाडेकरूने ठेवलेला पावत्यांसह हिशोब हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानतं, म्हणून पावतीशिवायचा रुपया हिशोबात धरू नका. हिशोबाची प्रत मालकाला पाठवा आणि वळती करून उरलेलं भाडं त्याच दिवशी भरा. शिवाय जे होतं तेच दुरुस्त करा. कौलांच्या जागी कौलंच घाला. शाकारणी करता करता कौलं उतरवून पत्रे टाकले, भिंत सरकवली, पोटमाळा चढवला, की मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम केलं हा नवा वाद कलम 16 खाली उभा राहतो.

मागचे पाच महिने तुम्ही नोटीस न देता थांबवले, त्या पैशांवर कलम 14 चा दावा सांगू नका. ते आधी भरा, मग नव्याने नोटीस द्या.

प्रश्न : आम्ही वाड्याचे मालक आहोत. भाडी हजार-बाराशेची, आणि एका खोलीचं छप्पर बदलायचं म्हटलं तरी लाखाच्या घरात खर्च जातो. सगळा भार आमच्यावरच का?

तक्रार खरी आहे आणि कायद्याने दिलेला दिलासा तुटपुंजा आहे. पण जो आहे तोही बरेच मालक घेत नाहीत. कलम 11 प्रमाणे दरवर्षी 4 टक्के भाडेवाढ करता येते. 1,200 वर ती महिन्याला 48 रुपये होते. विशेष किंवा रचनात्मक दुरुस्ती केली तर प्रमाणित भाड्याच्या 25 टक्क्यांपर्यंत वाढ मिळू शकते. 70 टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने सुधारणा किंवा नव्या सोयी केल्या तर त्या खर्चाच्या वर्षाला 15 टक्क्यांपर्यंत वाढ मागता येते. पालिकेचा कर वाढला तर तो बोजाही पुढे देता येतो. वाढ लेखी कळवा आणि पावतीवर वेगळी दाखवा. दहा वर्षं गप्प राहून मग एकदम मागितली तर भांडण ठरलेलंच. मोठ्या कामाआधी भाडेकरूंची बैठक घेऊन अंदाजपत्रक समोर ठेवा. 70 टक्के सह्या मिळाल्या तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

प्रश्न : नाशिकचा आमचा फ्लॅट 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. शुल्क 14,000, अनामत 40,000. तीन महिने पैसे नाहीत. विचारलं तर म्हणतो, गिझर बिघडलाय, तो दुरुस्त करा मग देतो. मुदत संपायला सहा आठवडे आहेत. पाणी तोडू का?

पाणी तोडू नका, वीज तोडू नका, कुलूपही बदलू नका. कलम 29 पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सांडपाण्याची सोय अशा अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं. ते फक्त भाडेकरूला लागू, लायसन्सधारकाला नाही, असा कीस काढणारे भेटतील. त्यांच्या सल्ल्याने पोलीस ठाण्यात तुमच्याच नावाची तक्रार नोंदवली जाईल आणि थकबाकीचा विषय मागे पडेल.

गिझर घरासोबत दिला असेल आणि करारातल्या वस्तूंच्या यादीत असेल तर आजच माणूस पाठवा. थर्मोस्टॅट किंवा कॉइल बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याचं बिल तुमच्या हाती असलं की समोरच्याची एकमेव सबब संपते. त्याच दिवशी थकबाकीची नोटीस द्या: महिनावार हिशोब, एकूण 42,000 रुपये, आणि मुदत संपल्यावर करार वाढवणार नाही हे स्पष्ट वाक्य. अनामत थकबाकीत वळती झाल्याचं त्यात लिहून टाकू नका. ती शेवटच्या हिशोबासाठी राहू द्या, कारण वीजबिल आणि मोडतोड अजून कळायची आहे.

करारात थकबाकीसाठी मध्येच रद्द करण्याचं कलम असेल तर ते वापरता येतं. पण सहाच आठवडे उरले असताना मुदत संपू देणं अधिक स्वच्छ ठरतं, कारण मग रद्द करणं बरोबर होतं की नाही हा वादच उरत नाही. मुदतीनंतरही तो राहिला तर कलम 24 खाली आपल्या विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्याचा अर्ज करा. सोबत नोंदणीकृत करार, मालकीचा पुरावा (इंडेक्स टू, घरपट्टी), नोटीस, पोचपावती आणि हिशोब लावा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन त्याला बचावाची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, तुमच्या बाबतीत महिन्याला 28,000. मुदतीआधीच्या थकबाकीसाठी वेगळा दावा लावायची तयारी ठेवा. त्याला रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.

तुमचा करार नोंदणीकृत आहे म्हणून हे सगळं सोपं आहे. कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल समोरच्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. तुमच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के दराने 400 रुपयांच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. हे वाचवण्यासाठी साध्या स्टँप पेपरवर सह्या करणारे मालक पुढे वकिलाच्या पहिल्या भेटीतच त्याहून जास्त मोजतात.

प्रश्न : डोंबिवलीत लायसन्सवर राहते. वरच्या घरातून आमच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी टपकतं. घरमालक म्हणतात सोसायटीला सांगा, सोसायटी म्हणते तुम्ही सभासद नाही. भाड्यातून कापू का?

लायसन्सधारकाला कलम 14 चा आधार नाही, त्यामुळे करारात तसं लिहिलं नसेल तर कापू नका. सोसायटीचं म्हणणंही नियमाला धरून आहे. तक्रार सभासदाच्या, म्हणजे तुमच्या मालकांच्या सहीने जायला हवी. अर्ज तुम्हीच लिहा, त्यांची फक्त सही घ्या. काम पुढे सरकतं ते असंच.

आधी पाणी कुठलं ते शोधा, म्हणजे खर्च कुणाचा ते ठरेल. रात्रंदिवस सारखं टपकत असेल तर पाणीपुरवठ्याचा भिंतीतला पाइप फुटला असावा. वरच्यांनी सगळे नळ बंद करून, टाकी भरत नसताना मीटर पाहावा, काटा फिरला तर पाइपच. अंघोळीनंतर तासाभराने टपकत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा टाइल्सचे सांधे. ट्रॅपला बोळा घालून दोन इंच पाणी 24 तास तुंबवून ठेवा. खाली ओल वाढली तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. न वाढता बोळा काढल्यावरच टपकलं तर ट्रॅपखालचा जोड. फक्त पावसात गळत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधला पाइप. पहिल्या तीन प्रकारांत खर्च वरच्या सदनिकाधारकाचा, शेवटचा साधारणपणे सोसायटीचा. खालून छताला सिमेंट लिंपणाऱ्याला पैसे देऊ नका. पाणी अडतं, सळ्या गंजतात आणि वर्षभरात प्लास्टर डोक्यावर येतं.

पुढचा करार करताना एक ओळ घालून घ्या: 2,000 रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती लायसन्सधारकाची, त्यावरची मालकाची. लेखी कळवल्यापासून सात दिवसांत न झाल्यास लायसन्सधारकाने बिलासह करून घ्यावी व पुढच्या महिन्याच्या शुल्कातून वळती करावी.

प्रश्न : दादरच्या चाळीत राहतो. मालक भाडं घेतच नाहीत, पावतीही देत नाहीत.

पावती देणं कलम 31 प्रमाणे बंधनकारक आहे. भाडं घ्यायला नकार हा बहुधा पुढे थकबाकी दाखवण्याचा डाव असतो. दर महिन्याला मनिऑर्डर पाठवा आणि ती कोणत्या महिन्याची, कोणत्या खोलीची ते मालकाला लेखी कळवा. नाकारलेली मनिऑर्डर परत आली की तिच्यावरचा शेरा आणि पोस्टाची पावती फाइलला लावा. सहा-आठ महिन्यांची अशी रांग असली की "भाडं देण्याची तयारी होती" हे वेगळं सांगावं लागत नाही. परत आलेले पैसे खर्च करू नका, बाजूला ठेवा. एक दिवस ते एकरकमी मागितले जातील.

प्रश्न : आमची इमारत धोकादायक ठरवून पालिकेने खाली करायला सांगितलं आहे. पाडली तर भाडेकरूचा हक्क संपतो का?

संपत नाही. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण पाडल्यानंतर तुमची खोली केवढी होती हे सांगायला भिंतच उरत नाही. म्हणून बाहेर पडण्याआधी पालिकेच्या अभियंत्याकडून प्रत्येक भाडेकरूच्या क्षेत्रफळाची नोंद करून घ्या. फिरती मोजपट्टी दिसेल असा व्हिडिओ काढा. जुन्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड आणि मतदार यादीतली नोंद यांच्या प्रती गावातल्या नातेवाइकांकडेही ठेवा. मालकाने रिकामा ताबा दिल्याच्या कागदावर सही मागितली तर "पुनर्बांधणीनंतर हक्क राखून" हे शब्द हाताने लिहूनच करा.